साईनाथची उबवणी पेटी

धसईच्या बाजारात मिक्सर-पंखे दुरुस्त करणाऱ्या साईनाथची एक खोड साऱ्यांना ठाऊक होती: धड चालणारी गोष्टही त्याला सुधारावीशी वाटे. त्याच्या सासूची, ठमीमामीची, लाडकी कबरी कोंबडी मुंगसाने नेली आणि मागे नऊ अंडी उरली. मामी ती शेजारणीच्या खुडूक कोंबडीखाली ठेवायला निघाली होती. जावयाने तिला वाटेतच गाठून अंडी आपण बनवलेल्या उबवणी पेटीत ठेवायला लावली. कबरीचा वंश टिकणं आता त्याच्यावर होतं.

पेटी अंडी गरम ठेवी, कलती करी आणि दिवस मोजी. शेवटी शेवटी अंडी हलवायची नसतात, म्हणून ही मोजणी. लाइट गेली की मात्र पेटी सगळं विसरे. मग साईनाथने पेटीतल्या बोर्डाला थोडी वीज साठवणारा मोठा कपॅसिटर जोडला. लाइट गेल्यावर चालू दिवस लिहून ठेवण्यापुरती धुगधुगी आत राहावी, असा बेत. पहिल्याच दिवशी त्याने प्लग उपटून परत लावला. पेटीवर ‘दिवस १’ दिसलं. गडी खूश.

खरं तर बोर्ड जागा झाला की जुना आकडा पुसून आधी ‘१’ लिही आणि मग तेच वाची; पहिल्या दिवशी ते कळलं नाही इतकंच. पण पुढे लाइट कधी नव्हे ती गुणी बाळासारखी राहिली. नेमकी पिल्लं निघायच्या सकाळी ती क्षणभर जाऊन आली. पेटीवर ‘दिवस १’ आलं आणि अंडी पुन्हा डुलायला लागली.

मामीने कान लावला. आत चिवचिव चालली होती. साईनाथ तिला बोर्ड कसा चुकत नाही ते समजावू लागला.

“जावई,” मामी म्हणाली, “पेटीला नाय कळत, पन पिल्लांना कळतंय. उघडा ती.”

त्याने झाकण काढलं आणि लाइट गेली ती गेलीच. साईनाथचं धाबं दणाणलं. ओली पिल्लं, तडकलेली अंडी, सगळं त्याने बनियनमध्ये भरलं आणि दिवसभर दुकानात पोट धरून बसला. गिऱ्हाइकं पोटदुखीवर ओवा सुचवून गेली. नवव्या पिल्लाने चोच बाहेर काढली तेव्हा त्याला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी मामी टोपली घेऊन आली. पिल्लं टोपलीत घातली की नुसता आकांत करीत, खाली सोडली की साईनाथच्या पायाशी धावत. शेवटी भर बाजारातून वरात निघाली. पुढे साईनाथ, मागे नऊ पिल्लं आणि रिकामी टोपली घेतलेली मामी.

कुणीतरी विचारलंच. मामी म्हणाली, “कबरीची पोरं हायेत. पुढं चाललीय ती त्यांची आई.”