विहिणीच्या ताटातला तुकडा

दाक्षायणीबाईंनी आजवर ताटात कधी काही टाकलं नाही. सोलापुरात बाळीवेशीत त्या कडक भाकऱ्या करून विकतात. जेवण झालं की ताटात पाणी घालायचं, बोटानं फिरवायचं आणि पिऊन टाकायचं, हा त्यांच्या घरचा शिरस्ता. बाकीच्यांनी तो केव्हाच सोडला. बाईंनी सोडला नाही, आणि हे त्या चारचौघांत सांगतातही. त्यांच्यासोबत जेवायला बसलेला माणूस शेंगाचटणीची चिमूटसुद्धा मागं ठेवायला धजत नाही.

अशा या बाईंचा सुंदरम्मावर भारी दात. सुंदरम्मा ही त्यांची विहीण, सून काव्याची आई, अक्कलकोटची. नातू झाला तेव्हा मदतीला म्हणून पुण्याला गेली आणि तिथंच राहिली. बाईंचा मुलगा नंदीश, त्यानं आधी आपल्या आईलाच बोलावलं होतं. माझं गिऱ्हाईक कोण बघणार, म्हणून नाही म्हणाल्या त्या याच. पण एवढं त्या सोयीनं विसरतात. माझा एकुलता एक मुलगा त्या बाईनं पळवला, असं त्या शेजारणीला सांगतात, आणि शेजारीण चहा संपेपर्यंत मान डोलावते.

नातवाच्या वाढदिवसाला बाई पुण्याला गेल्या. संध्याकाळी नंदीश सगळ्यांना एका इटालियन हॉटेलात घेऊन गेला. भिंतींना गिलावा नाही, बसायला लाकडी बाकं, कोपऱ्यात पेटलेली लाकडाची भट्टी. एवढं भाडं भरून मालकाला गिलावा कसा परवडला नाही, असं बाईंच्या मनात आलं. पण बोलल्या नाहीत, कारण सुंदरम्मा तिथं घरच्यासारखी वावरत होती. वेटरनं तिला नमस्कार केला. नंदीशनं तिला न विचारताच तिच्यासाठी बिनमिरचीचा पिझ्झा सांगितला. आईला मात्र विचारलं, तुला काय चालेल? बाईंना ते विचारणंच झोंबलं. पाहुण्याला विचारतात, घरच्याला नाही.

पिझ्झा आला. पातळ, कडेनं करपलेला, वर टोमॅटो आणि चीज. चव चांगली होती, हे बाईंना मनातल्या मनात कबूल करावं लागलं, आणि त्याचाही राग आला. तेवढ्यात सुंदरम्मानं दोन तुकडे खाऊन हात आखडता घेतला आणि आपली ताटली नंदीशकडे सरकवली. ना ती काही बोलली, ना तो. बोलता बोलता त्यानं तिचं उष्टं उचललं आणि खाऊन टाकलं. वर, "मम्मी, पास्ता पन राहिला की," असं सासूला म्हणत तोही संपवला.

त्या मुलाला नऊ महिने बाईंनी पोटात वाढवलं होतं, आणि उष्टं खात होता तो दुसरीचं. रडावं की वेटरसमोर भांडावं, त्यांना कळेना. मग त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. भूक असूनही दोन मोठे तुकडे ताटलीत ठेवले, हात पुसले आणि लेकाकडे बघत बसल्या.

नंदीश घाबरला. आईनं, त्याच्या आव्वानं ताटात टाकलं म्हणजे काहीतरी बिनसलं. त्यानं तिच्या कपाळाला हात लावून बघितलं, काव्याला पर्समधली गोळी काढायला सांगितली. वेटर ताटली उचलायला आला, तेव्हा मात्र बाईंनी ती दोन्ही हातांनी धरली.

"मला काय झालं न्हाय. हिचं खाल्लास, तसं माझं खा की."

सुंदरम्मा खाली बघायला लागली. नंदीश हळूच म्हणाला, "आव्वा, तुझ्या ताटात कदी काय उरतं का? मला ठावंच न्हाय तुझं उष्टं. आन् आता पोट लई भरलंय."

बाईंनी ताटली त्याच्यापुढं सरकवली.

तो खायला लागला. पिझ्झा गार होऊन चिवट झाला होता. एक घास, वर पाणी, पुन्हा एक घास. दुसऱ्या तुकड्याला त्याच्या कपाळावर घाम आला. सुंदरम्मा काव्याच्या कानात काहीतरी कुजबुजली. पुरे कर बाळा, एवढंच बाईंनी म्हणायचं होतं. लेकाचे हाल त्यांना दिसत होते, जीव तुटत होता. पण शेवटचा घास त्याच्या घशाखाली उतरेपर्यंत त्या बोलल्या नाहीत.