वेंडेलचे अठरा फटके

वेंडेल क्रूसने चौदा वर्षांत सहा कॉलेजं पालथी घातली, त्यातल्या चार ठिकाणी पगाराचं नावच नव्हतं. गोलकीपरांना शिकवणारा कोच म्हणजे सॉकर संघातला सगळ्यात शेवटचा माणूस. गाडी त्याने चालवायची, चेंडूंत हवा त्याने भरायची, आणि मुख्य कोचची नोकरी गेली की सामानही त्यानेच बांधायचं. संसार चालला तो बायकोच्या, जोलीनच्या जिवावर. ती दंतवैद्याकडे लोकांचे दात साफ करते.

आता आमच्या आयोवातल्या या एवढ्याशा गावातल्याच कॉलेजात पूर्ण पगाराची, विम्यासकट जागा निघाली. मुलाखतीच्या दिवशी सकाळी पॅनकेकची बशी पुढ्यात आदळत जोलीनने बजावलं, "हे शेवटचं हं, वेंडेल. नाही जमलं तर सोमवारपासून माझ्या भावाबरोबर लोकांची छपरं दुरुस्त करायची."

"अगं, मला उंचीची भीती वाटते."

"आणि मला सातव्यांदा घर हलवायची!"

मुलाखत मैदानावरच होती. कॉलेजचा क्रीडाप्रमुख गॅरी ह्यूबनर खुर्ची टाकून बसला. त्याची हयात गेली हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायच्या फुटबॉलमध्ये. सॉकरमधलं त्याला एवढंच कळे, की चेंडू जाळ्यात गेला की ओरडायचं. कॉलेजची गोलकीपर टेगन जाळ्यापुढे उभी राहिली आणि वेंडेलने अठरा फटके मारले. कधी डावीकडे, कधी डोक्यावरून, कधी टप्पा देऊन. पोरीने अठराच्या अठरा अडवले.

गॅरीने वही मिटली. "बाबा रे, तुला एकसुद्धा जाळ्यात मारता येईना?"

वेंडेलचा चेहरा पडला. "सर, अडवता यावेत म्हणूनच मारतो मी." ही त्याची त्यालाच थाप वाटली.

"असे तर मीही मारीन!"

टेगन धापा टाकत आली. "सर, आजवर मी लागोपाठ सहासुद्धा अडवले नाहीत. हे बरोबर माझ्या हातापासून वीतभर लांब मारतात. वाटतं, गेला! आणि पोचतेच मी."

"असं? मग हो बाजूला. मी उभा राहतो."

वेंडेलने गॅरीला नीट न्याहाळलं. साठी उलटलेली, पोट सुटलेलं, उजवा गुडघा कामातून गेलेला. डावीकडे फार तर एक पाऊल. मग दहा पावलं मागे जाऊन, दातओठ खात, गुरगुरत तो धावत आला आणि फटका हाणला. गॅरी डावीकडे एक पाऊल टाकून धाडकन आडवा झाला. चेंडू त्याच्या छातीशी!

गवत झाडत उठला तो विशीतला होऊन. "पाहिलंस, टेगन? काय जोर होता!"

"तोफगोळाच, सर," टेगन म्हणाली. हसली मात्र नाही, शहाणी पोर.

दुपारच्या आत कागदावर सही झाली. तेव्हापासून गॅरी न्हाव्याकडे, चर्चच्या जेवणाला, गावभर तो चेंडू सांगत फिरतो. दर आठवड्याला त्याचा वेग थोडा वाढतो.

"खरं सांग," त्या संध्याकाळी जोलीनने विचारलं, "त्या म्हाताऱ्याने खरंच अडवला?"

"अडवला म्हणजे! काय झेप होती!" वेंडेल म्हणाला.

तिने नवऱ्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. मग गॅरेजमध्ये जाऊन पुढच्या घर हलवण्यासाठी जपून ठेवलेली सामानाची रिकामी खोकी एकेक करून पायाने चेपटी केली आणि कचऱ्यात टाकली.