बंड्याचा होमरन

बापूकाकांसमोर 'साधारण' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. साधारण पाचला येतो म्हटलं, की लगेच विचारायचे, "म्हणजे पाचच्या आधी की नंतर?" उभी हयात पुण्याकडे पूल बांधण्यात गेलेली. निवृत्तीनंतर काकूंसह परदेशात मुलीकडे ब्लॅकटाउनला आले, तरी मोजपट्टी काही हातातून सुटली नाही. अशा माणसाने एका बाबतीत धडधडीत चुकीचं बोलावं, आणि मरेपर्यंत बोलत राहावं, याचं सगळ्यांना नवल वाटे.

बेसबॉल त्यांच्या घरात शिरला तोच गफलतीने. क्रिकेटचा सामना समजून दोघं शेजारच्या मैदानात गेले आणि तिकीट काढलंय तर उठायचं कशाला, म्हणून बसून राहिले. पुढे काकूंनाच नाद लागला. संघातल्या फटकेबाजांना त्यांनी मराठी नावं दिली. धिप्पाड तो भीम, लुकडा डावखुरा तो बंड्या. होमरनला त्या षटकारच म्हणत.

"षटकार नव्हे," काका दुरुस्त करत, "इथे चेंडू बाहेर गेला तरी पळावं लागतं."

"गेला ना चेंडू तिकडे? मग बिचाऱ्याला कशाला दमवतात?"

त्या मोसमात सर्वाधिक होमरन कोणाचे होणार, यावरून घरात दोन पक्ष पडले. काका भीमाचे, काकू बंड्याच्या. शेवटच्या सामन्यापर्यंत दोघे खेळाडू बरोबरीत होते, पण तोवर काकूंचं दुखणं हाताबाहेर गेलं होतं. हॉस्पिटलमधून त्यांनीच काकांना मैदानावर पिटाळलं. बंड्याचं काय झालं ते येऊन सांगा म्हणाल्या. मी त्यांचा शेजारी. त्या दुपारी त्यांच्या उशाशी बसलो होतो.

सामना संपायच्या सुमारास त्यांनी मला फोनवर निकाल बघायला लावला. भीमाने एक होमरन मारला होता, बंड्याला एकही साधला नव्हता. तसं मी काकूंना सांगितलं. थोड्या वेळाने काका आले. "तुझा बंड्या जिंकला," म्हणाले, आणि चेंडू कुंपणावरून थेट पार्किंगमध्ये कसा पडला, बंड्या हात उंचावत कसा पळाला, सगळं हातवारे करून सांगू लागले. काकू हसल्या. किती दिवसांनी हसल्या. काका चहा आणायला गेले तेव्हा मला हळूच म्हणाल्या, "त्यांना कधी बोलू नकोस हं. अरे, जन्मात पहिल्यांदा थाप मारली त्यांनी. किती छान मारली." मी शब्द दिला. त्याच आठवड्यात काकू गेल्या.

त्यानंतर त्या मोसमाचा विषय निघाला, की काका बंड्याच पहिला म्हणून सांगत. हॅरिस पार्कच्या देशी वस्तीत चहा पिताना एकाने फोन काढून पहिल्या आलेल्याचं खरं नाव दाखवलं. फोन चुकतो, असं म्हणून काकांनी कप उचलला. लोक वयाकडे बघून सोडून देत. मला मात्र तिथे बसवत नसे.

यंदा काका स्वतः अंथरुणाला खिळले. एका सकाळी खोलीत आम्ही दोघंच असताना त्यांनी माझा हात धरला आणि त्या दिवशी आपण काकूंशी खोटं बोललो, ते सांगितलं. मग विचारलं, "तिला कळलं तर नसेल ना रे?"

मी काकूंना शब्द दिला होता. "नाही काका," म्हणालो, "त्यांना शेवटपर्यंत खरंच वाटलं."

"बरं झालं," ते म्हणाले.

काका जाऊन आता महिना होईल. शब्द पाळल्याचं समाधान वाटायला हवं, ते काही वाटत नाही. ती थाप काकूंना किती आवडली होती, हे काकांना कळायचं राहूनच गेलं.