काशिनाथकाकांचा उजवा गुडघा

अन्याय झाला तो रेवदंड्याच्या काशिनाथकाकांवर. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेअकराला, खलाशांच्या मेडिकल कॅम्पमध्ये. डॉक्टरांनी त्यांच्या उजव्या गुडघ्यावर हातोडी मारली, एकदाच, आणि फॉर्मवर लिहिलं, 'उजवा रिफ्लेक्स नाही. अनफिट.' खाडीतल्या लाँचवर उभा जन्म दोर टाकण्यात घालवलेला माणूस त्या दिवसापासून ओटीवर बसून होता. पुन्हा तपासून फिट ठरले नाहीत, तर मालक त्यांच्या जागी दुसरा माणूस घेणार होता.

मी चौलला फिजिओथेरपिस्ट आहे. हिराकाकू, म्हणजे त्यांची बायको, त्यांना ओढतच माझ्याकडे घेऊन आली. फॉर्म वाचून माझं डोकं फिरलं. निषेधाचं पत्रक काढायची जुनी खोड आहे, मनात मथळासुद्धा तयार झाला. पण आधी गुडघा बघायला हवा होता.

रिफ्लेक्स म्हणजे काय, ते सरळ सांगते. गुडघ्याच्या वाटीखाली मांडीच्या स्नायूला हाडाशी बांधणारा एक पट्टा असतो. त्यावर हातोडी पडली की स्नायू किंचित ताणला जातो. ही खबर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जाते आणि तिथूनच हुकूम परत येतो. पाय पुढे उडतो. मेंदूला विचारावं लागत नाही. मात्र मेंदूने मनात आणलं तर तो मध्ये पडू शकतो.

काका टेबलावर बसले, पाय लोंबते. मी स्टूल ओढून समोर बसले आणि डाव्या गुडघ्यावर ठोकलं. पाय उडाला तो थेट माझ्या ॲप्रनला लागला. काकांनी झटकन वाकून ॲप्रनला हात लावला आणि तो स्वतःच्या कपाळाला लावला. पाय लागला की आपण सगळेच करतो तसं. मी हसून उजव्या गुडघ्याकडे वळले.

काहीच नाही. दुसऱ्यांदा ठोकलं, तरी काहीच नाही. फॉर्म खरा होता की काय?

मांडीला खालून हात लावून पाहिला. मागचा स्नायू दगडासारखा घट्ट.

"काका, पाय धरून ठेवलाय का?"

"मग काय करू, बाय? डावा लागला तुला. आता उजव्यानं पण लाथ मारू?"

विचारल्यावर कळलं, कॅम्पमध्येही हेच झालं होतं. डॉक्टर समोर खुर्चीत. डावा पाय त्यांच्या गुडघ्याला लागला, काका ओशाळले, आणि उजवा त्यांनी टेबलाखाली आवळून धरला. हिराकाकू तोंडाला पदर लावून म्हणाली, "घरात कवा इतका मान राखला न्हाय!"

आणि मीही समोरच बसले होते. शिकली-सवरलेली मी, तीच चूक.

मग स्टूल बाजूला सारलं. त्यांच्या कडेला उभी राहिले. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगितली. त्याने लक्ष पायावरून उडतं आणि रिफ्लेक्सला जोरही चढतो. खिडकीबाहेरच्या माडाला नारळ किती, ते मोजायला लावलं. चौथ्या नारळाला ठोकलं.

उजवा उडाला.

दोन्ही पायांवर दहा-दहा वेळा ठोकलं. दोन ठोके सारखे आले नाहीत. कधी डावा जास्त, कधी उजवा. धडधाकट माणसातही असं होतं. श्वास, लक्ष, बसण्याची ढब, सगळ्याने फरक पडतो. एक बाजू दर वेळी गप्प राहिली, सोबत पायात ताकद नसली, बधिरपणा असला, तर ती खरी काळजी. काकांची ताकद उत्तम, घोट्याचे रिफ्लेक्सही ठीक.

काकांना घेऊन मी कॅम्पच्या डॉक्टरांकडे गेले. भांडायच्या तयारीतच.

"सर, उजव्यावर किती वेळा ठोकलं होतं?"

"एकदा. बाहेर रांग होती."

"तुम्ही समोर बसला होता. ते तुम्हाला लाथ लागू नये म्हणून पाय धरून होते."

डॉक्टरांनी काकांना टेबलावर बसवलं. मग कडेला उभे राहिले आणि उजव्या गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उडाला. त्यांनी आणखी सहा वेळा ठोकलं, नवा फॉर्म भरला आणि काकांना म्हणाले, "मारायची होती की लाथ."

"पुढल्या वर्साला मारीन," काका म्हणाले.

सोमवारी ते लाँचवर होते. माझं पत्रक राहिलंच, म्हणून हे लिहिलं. धडा एवढाच, की हातोडी मारण्याआधी आपण कुठे बसलोय ते बघावं.

आता तुमचं काम. तुमच्या घरातल्या कुणाला एका ठोक्यावर अनफिट लिहून दिलं, तर कागदाची घडी घालून मुकाट परत येऊ नका. तिथेच उभे राहा आणि सांगा, 'डॉक्टर, बाजूला सरका, आणि पुन्हा ठोका.'