खिडकीतून काय दिसतं?

चार देशांतले आम्ही शिक्षक मिळून मुलांसाठी एक धडा लिहीत होतो, एकाचा कचरा दुसऱ्याच्या दारात का जातो यावर. आम्ही काही जण पुण्यातल्या एका वर्गात, बाकीचे पडद्यावर. पहिला उपक्रम मी मोठ्या हौसेने फळ्यावर लिहिला: 'वर्गाच्या खिडकीतून काय दिसतं ते लिहा.'

दुपार कलली तशा आमच्यातल्या जाधवबाई बोलता बोलता उठल्या आणि एकेक खिडकी लावत सुटल्या. त्यांची शाळा कचरा डेपोला लागून आहे.

"अहो बाई, उकडतंय! इथे कुठे वास येतोय?" मी म्हटलं.

त्या ओशाळल्या. "सवय हो. आमच्याकडे या वेळेला वारा फिरतो."

वर्ग कोंदट झाला, पण खिडकी उघडायला कुणाचा हात धजेना. तो कोंडमारा बाई सोबत घेऊन आल्या होत्या, आणि त्यात माझ्याही घरचा धूर होता. माझा कचरा त्याच डेपोत तर जळतो.

पडद्यावर घानाची एक शिक्षिका होती. तिच्या गावाबाहेर परदेशातून आलेलं भंगार जाळतात. बाईंचं बोलणं तिला सांगितलं, तेव्हा तिने नुसता लॅपटॉप फिरवला. भर दिवसा तिच्या वर्गात दिवे लागले होते. सगळ्या खिडक्या बंद.

फळ्यावर माझा उपक्रम तसाच होता.