केबल आम्हीच बदलली

त्या रविवारी ऊन असं होतं की खाडीचं पाणीसुद्धा घाम आल्यासारखं चमकत होतं. वारा नाही, लाट नाही. पावसाळा नुकताच सरलेला, धक्क्याखालचा चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या. अशा दिवशी आम्ही म्हातारे सावली बघून बसतो आणि किस्से निघतात. ते कोणी जमवत नाही. होडीच्या बुडाला कालवं चिकटतात ना, तसे आपोआप चिकटतात. खरवडायला बसलं की कळतं, किती झाले ते!

माझ्या होडीची केबल बदलली, त्या एका कामाला चिकटलेले हे एवढे.

*

आधी स्टिअरिंगचं सांगतो. जन्मभर मी सुकाणूचा दांडा धरला. दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते. हे हाताला कोणी शिकवलं नव्हतं, त्याला ते येतच होतं.

मग खांदा दुखायला लागला. माझ्या मुलानं, निलेशनं, होडीला मोटारीसारखं चाक बसवून दिलं. "बाबा, आता एका बोटानं चालवा."

चाक उजवीकडे, तर होडीही उजवीकडे. डोक्याला पटलं, हाताला नाही. पहिल्याच दिवशी उजवीकडे वळायचं होतं, मी सवयीनं चाक फिरवलं डावीकडे, आणि होडी थेट तिवरांच्या झाडीत!

शेजारच्या होडीवरून हरी ओरडला, "गणूदादा, कोलंबी पान्यात हाय, झाडाव न्हाय!"

पुढेही तेच. रोज एकदा तरी हात चुकायचाच.

*

जेसल पार्कला आमच्या इमारतीत समोरच्या दारात सावंतसाहेब राहतात. लालबागहून आलेले, रिटायर. वहिनी गेल्यावर दिवसभर गॅलरीत उभे असायचे. एक दिवस मीच म्हटलं, "चला, खाडीत जाऊन येऊ."

आले. अंगात लाइफ जॅकेट आणि डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट! बसल्या बसल्या विचारतात, "गणूदादा, ब्रेक कुठाय?"

"होडीला ब्रेक नसतो साहेब."

"मग थांबते कशी?"

नेमका तेव्हाच माझा हात चुकला आणि आम्ही तिवरांत जाऊन थांबलो.

"अच्छा, अशी होय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बिनहेल्मेटचे दारात उभे. हातात चहाचा थर्मास. तेव्हापासून रोज.

*

यंदा पावसाळ्यानंतर होडी पाण्यात लोटली, तर चाक हलेना. चाकापासून इंजिनापर्यंत जाणारी केबल खाऱ्या हवेनं आतून गंजलेली.

हरी म्हणाला, "खोबरेल सोड, मुरू दे रातभर."

सोडलं. सकाळी चाक तसंच, आणि धक्क्यावरच्या सगळ्या मांजरी होडीत पंगतीला!

निलेश काही हसला नाही. "बाबा, बास झालं. तुम्ही रोज तिवरांत घुसता, घरात आमचा जीव टांगणीला. रविवारी एक माणूस होडी बघायला येतोय."

पोरगा चुकीचं बोलत नव्हता. मी एवढंच म्हटलं, "बरं. पण मोडकी म्हणून नको जायला ती. केबल मी बदलतो."

*

आता केबल आणायची म्हणजे माप पाहिजे. मला कुठले आकडे वाचता येतात! घरात मंदाची, म्हणजे माझ्या बायकोची, कपडे वाळत घालायची दोरी होती. ती सोडली, होडीत जुन्या केबलीच्या वाटेनं फिरवली आणि तेवढीच कापली.

हाटकेशला स्पेअर पार्टचा दुकानदार म्हणाला, "चाचा, साइज बोलो."

मी पिशवीतून दोरी ओढली. "यहाँ से यहाँ तक."

दोरीला एक चिमटा तसाच राहिलेला, आणि चिमट्याला माझं बनियन!

"बनियान का भी साइज दूँ क्या, चाचा?"

घरी आलो तर मंदा कमरेवर हात ठेवून उभी. "होडीला नवी केबल. आणि माझ्या साड्या काय इंजिनावर वाळत घालू?"

*

जुनी केबल खोलायच्या आधी सावंतसाहेब म्हणाले, "थांबा, मोबाइलवर फोटो काढतो. बसवताना गोंधळ नको."

मग जुन्या केबलीच्या टोकाला दोरी बांधली. केबल ओढून काढली, तशी दोरी तिच्या वाटेनं आत गेली. त्याच दोरीला नवी केबल बांधून परत ओढली. इंजिनाकडून मी ओढतोय, चाकाकडून साहेब सरकवतायत.

"येतेय का?"

"येतेय, येतेय! डोकं दिसलं!"

हरी म्हणाला, "म्हाताऱ्यांनी बालंतपन काढलंय!"

चाकाशी येऊन मात्र अडलो. चाकामागे दोन तोंडं, एक डावीकडे, एक उजवीकडे. केबल कुठून घालायची?

"साहेब, फोटो बघा."

साहेबांनी चष्मा लावला. एकेक फोटो सरकवत राहिले. मग फोन खिशात टाकला. "सगळ्यात माझा अंगठाच आलाय हो!" जरा थांबले आणि म्हणाले, "पण डावीकडून होती. मला पक्कं आठवतंय."

मी डावीकडून घातली आणि नट आवळले.

*

तर तो रविवार. निलेश गिऱ्हाइकाला घेऊन आला. तिघं होडीत बसलो. आधी मी एक फेरी मारली. काय सांगू! हात एकदाही चुकला नाही. मनात यायचा अवकाश, होडी वळत होती. वाटलं, बघा, जायच्या दिवशी शहाणी झाली. डोळे भरून आले, तर घाम पुसल्यासारखं केलं.

मग गिऱ्हाईक चाकावर बसलं. त्यानं फिरवलं उजवीकडे, होडी गेली डावीकडे. घाबरून त्यानं आणखी उजवीकडे फिरवलं, आणि आम्ही तिवरांत!

"अरे, ये तो उल्टा चलती है!"

निलेशनं चाक घेतलं. तोही तिवरांत!

धक्क्यावरून हरी, "आज सगलीच झाडाव!"

शेवटी मी बसलो आणि एका बोटानं होडी धक्क्याला आणून लावली.

गिऱ्हाईक उतरलं ते मागे न बघता गेलं. निलेश पाना घेऊन चाकामागे वाकला. "केबल उलट्या तोंडातून घातलीय, बाबा." मग माझ्या हाताकडे बघत राहिला, बराच वेळ. पाना खाली ठेवला.

"राहू दे बाबा. उद्या किती वाजता निघताय? मी पण येतो."

तो घरी गेल्यावर धक्क्यावर बसलेल्या सावंतसाहेबांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्या हातात दिला. खाडीकडे बघत हळूच म्हणाले, "गणूदादा, एका फोटोत अंगठा नव्हता हो."