फाइलमध्ये नसलेला रिपोर्ट

घरातल्या सगळ्यांचे रिपोर्ट माझ्या फोनमध्ये असतात. बाबांची शुगर, आईचं थायरॉइड, माझं हिमोग्लोबिन. मी बोलते कमी, पण कागद नीट लावून ठेवते. म्हणूनच आई डॉक्टरबाईंना खोटं सांगते आहे, हे त्या संध्याकाळी मला लगेच कळलं.

शनिवार पेठेतल्या आमच्या डॉक्टरबाईंकडे आम्ही आईच्या थायरॉइडच्या गोळ्यांसाठी गेलो होतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी शेवटची कधी केली, असं त्यांनी सहज विचारलं. आईने मांडीवरची पर्स सरळ केली. "झालीय. दोन वर्षांपूर्वी."

असा कुठलाही रिपोर्ट नव्हता. पण शरीराबद्दल बोलायचं तर मला मराठी शब्द सापडत नाहीत, आणि शाळेत शिकलेले इंग्रजी शब्द आईसमोर फार उघडे वाटतात.

डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या की आता सल्ला बदलला आहे. पूर्वी दर काही वर्षांनी पेशी तपासायचे, हल्ली त्याला कारण ठरणारा विषाणूच शोधतात. नमुना बाईला स्वतः घेता येतो, आणि काही निघालं नाही तर किमान पाच वर्षं परत तपासावं लागत नाही.

"तुमचे सल्ले म्हणजे आमच्या शाळेचं वेळापत्रक," आई म्हणाली. "जूनमध्ये एक, जुलैमध्ये दुसरं."

डॉक्टरबाई हसल्या. आई हसली नाही.

परतताना स्कूटर मी चालवत होते. सिग्नलला थांबलो. तोंडाला स्कार्फ बांधलेला होता म्हणून असेल, मला विचारता आलं. "आई, ती तपासणी झालेली नाही ना?"

सिग्नल सुटला. घरी पोचल्यावर पार्किंगमध्ये, डिकीतून भाजीची पिशवी काढता काढता, तिने सांगितलं. मी दुसरीत असताना तिच्या शाळेत शिक्षिकांसाठी याच तपासणीचं शिबिर झालं होतं. चित्रकलेच्या वर्गात चादरीचा पडदा लावला होता आणि तो पुरत नव्हता. आई अवघडली, तर नर्स सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, एक मुलगी झाली तरी लाज कसली? आई टेबलावरून उतरली, चपला घातल्या आणि चौथा तास घ्यायला निघून गेली. तेव्हापासून कोणीही विचारलं की उत्तर एकच, झालीय.

तिला काही धीराचं सांगावं असं वाटलं, पण मला ते जमत नाही. "मीपण उतरले असते," मी म्हणाले. "पण आता कोणासमोर झोपायचं नाहीये. आत तू एकटी असशील. मी दाराबाहेर."

तीन आठवडे गेले. मग एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तिचा फोन आला, स्कूटर घेऊन ये.

डॉक्टरबाईंसमोर बसल्या बसल्या ती म्हणाली, "मागच्या वेळी मी खोटं सांगितलं." त्यांनी मान हलवली, कागदावरची ती ओळ खोडली आणि नमुना घ्यायच्या मऊ ब्रशचं एक पाकीट तिच्या हातात दिलं. आईने सूचनांचा कागद दोनदा वाचला, शुद्धलेखनाची एक चूक दाखवली आणि बाथरूममध्ये गेली.

पाच मिनिटंही लागली नाहीत. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा रागावलेला होता.

"एवढंच होतं," ती म्हणाली. इतकी वर्षं घाबरत काढल्याचा तो राग होता, डॉक्टरबाईंवरचा नव्हता.

मला आधी वाटायचं, सल्ला बदलला म्हणजे यांना पूर्वी काही कळतच नव्हतं. या वेळी तो बदलला म्हणून आईसारखीला आत जाता आलं.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. काही निघालं नव्हतं. आता पाच वर्षांनी या, असं डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या.

"की तोवर परत बदलणार तुमचं?" आईने विचारलं.

बदलू शकतं, त्या म्हणाल्या, नवं कळत जातं तसं बदलतं.

"मग कळवा," आई म्हणाली. "येईन मी."